घाटात ठणठणीत, सिग्नलला बंद!

निपाणीहून निघालेली जुनी पेट्रोल पिकअप तवंदी घाट बिनतक्रार चढते. बेळगावच्या सिग्नलला मात्र थरथरते, कधी बंदच पडते. अशा वेळी थ्रॉटल बॉडी उघडून बघावी.

एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या या भागात एक गोल झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पाय काढला की जवळजवळ मिटते. उरलेल्या बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन आयडलला चालतं. इंजिनातली तेलकट वाफ झडपेच्या कडेला चिकटून काळा थर धरते. 1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. फट बुजली की हवाच अपुरी पडते. घाटात झडप सताड उघडी असल्याने हा दोष लपतो.

सफाई इंजिन बंद आणि थंड असताना करावी. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर मारून कडा हलक्या हाताने पुसावी. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नये. आतले गिअर बिघडू शकतात. काही गाड्यांत नंतर स्कॅनर लावून आयडल सेट करावा लागतो.

जुन्या डिझेल पिकअपवाल्यांनी मात्र या सफाईवर खर्च करू नये. तिथे वेग हवेवर नव्हे, डिझेलच्या मात्रेवर ठरतो. आधी डिझेल फिल्टर तपासावा.