कंबरेला हात लावू देण्यापूर्वी

कंबर तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत असेल, तर डॉक्टर ते दुखणे जुनाट धरतात. कुणी मालिश सुचवतो, कुणी ‘मणका बसवून घ्या’ म्हणतो.

त्याआधी तपासणी हवी. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणे, यांपैकी काही दिसल्यास आपण त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा नुकतेच पडणे असेल, तरीही आधी डॉक्टरच.

मसाजमध्ये स्नायू दाबून, चोळून सैल करतात. आराम लवकर वाटतो, पण बहुधा थोडेच दिवस टिकतो.

मोबिलायझेशन म्हणजे सांध्याला लयीत, हळूहळू हलवणे. आपल्याला पालथे झोपवून थेरपिस्ट तळहाताने मणक्यावर दाब देतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या चार पायऱ्या आखल्या. पहिल्या दोन वेदना शमवायला, पुढच्या दोन ताठरपणा घालवायला. दुखले तर लगेच सांगावे. दाब तिथेच कमी करता येतो.

मॅनिप्युलेशनमध्ये मात्र एकच छोटा, वेगवान झटका असतो. तो सुरू झाल्यावर थांबवता येत नाही, म्हणून हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी तो घेऊ नये. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. ‘कट्’ आवाज आला की सरकलेला मणका जागेवर बसला, असे वाटते. प्रत्यक्षात सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. आवाज न येताही उपयोग होऊ शकतो. त्या आवाजासाठी घरच्यांकडून पाठीवर झटका मुळीच घेऊ नये.

मग यांतले सरस कोणते? अभ्यासांत तिन्हींमधला फरक फारसा मोठा दिसत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये हातांचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत असे सुचवले, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुखणे उतरले की व्यायाम सोडून पुन्हा टेबलावर झोपायला जाणे, इथेच पैसा आणि वेळ वाया जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या शिफारशींत मसाज आणि मॅनिप्युलेशनला जागा आहे. वजन लावून कंबर ताणणे आणि नेहमीचा कंबरपट्टा यांना नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत ‘घरी कोणता व्यायाम करू?’ हे विचारावे. किती वेळ बसवते, किती चालवते, भरलेली बादली उचलता येते का, हे लिहून ठेवावे. काही आठवड्यांत यात फरक पडला नाही, तर उपचार बदलण्याविषयी बोलावे. तोवर मोठ्या पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नयेत.