भायखळ्याच्या मंडईतून येवल्याच्या आमदारकीपर्यंत

भाजीच्या धंद्यात पहाटेची झोप मिळत नाही. माल संध्याकाळपर्यंत खपला नाही तर तो तोट्यात जातो. आपल्यातल्या बागवान कुटुंबांना हे सांगायची गरज नाही. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचे आमदार छगन भुजबळ याच धंद्यातून पुढे आले.

भुजबळांचा जन्म 1947 सालचा, नाशिकचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मुंबईत भायखळ्याच्या मंडईत त्यांनी भाजी विकली आणि त्याच काळात व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविकाही घेतली. शिवसेनेतून ते 1973 मध्ये नगरसेवक झाले. 1985 मध्ये मुंबईचे महापौर आणि त्याच वर्षी माझगावचे आमदार झाले.

1991 च्या अखेरीस त्यांनी शिवसेना सोडली. मंडल आयोगाचा प्रश्न हे त्यांनी दिलेले मोठे कारण होते. पुढच्याच वर्षी त्यांनी महात्मा फुले समता परिषद उभी केली. 1995 ला माझगावात पराभव झाला, पण 1999 मध्ये ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले. 2000 सालच्या जुलैत, मुंबई दंगलीच्या काळातील लिखाणाबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. मुदत उलटून गेली म्हणून कोर्टाने तो खटला त्याच दिवशी निकाली काढला.

2004 पासून येवल्याने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिले. मात्र 2014 ची नाशिकची लोकसभा ते हरले. 2016 च्या मार्चमध्ये ईडीने अटक केली आणि दोन वर्षांहून अधिक काळ ते तुरुंगात होते. मे 2018 मध्ये जामीन मिळाला. महाराष्ट्र सदन प्रकरणातून विशेष न्यायालयाने 2021 मध्ये त्यांना दोषमुक्त केले. मे 2025 मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. त्यांचे पक्षबदल आणि त्यांच्यावरचे आरोप यांचा हिशेब मतदार आपापल्या परीने करतीलच.

आपल्या घरांसाठी या कारकिर्दीतला महत्त्वाचा धागा वेगळा आहे. ज्या ओबीसी यादीसाठी भुजबळ भांडत आले, त्या यादीत माळी आहेत तसे बागवान, मोमीन, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारीही आहेत. म्हणजे मालेगावच्या मागावर बसणारा आणि नाशिकच्या बाजारात फळे विकणारा, दोघांचाही त्या हक्कात वाटा आहे.

पण हक्क कागदावर उतरावा लागतो. ओबीसी दाखल्यासाठी महाराष्ट्रात 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या अनेक आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. व्यवसायाची, बिरादरीची नोंद नसते. मग मुलगा बारावीला चांगले गुण मिळवतो आणि प्रवेशाच्या आठवड्यात घरचे लोक कचेऱ्यांच्या चकरा मारत बसतात. मुलगी वॉर्डातून उभी राहायला तयार असते, तेव्हा जात पडताळणीपाशी गाडी अडते.

म्हणून निवडणूक किंवा प्रवेश जवळ येण्याची वाट पाहू नका. आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखते आजच शोधून एका फाईलीत लावा. ज्यांना जुन्या गोष्टी आठवतात त्या घरातल्या बुजुर्गांना विचारा. मंडईत बसणाऱ्याचा मुलगा विधानसभेत जाऊ शकतो, हे भुजबळांनी दाखवले. आपल्या मुलाची वाट निदान एका कागदापायी तरी अडू नये.