काचेच्या पेटीतला समुद्र

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला ८५ टक्के वाटा एकट्या सोडियम आणि क्लोराइडचा. मग घरच्या टाकीत समुद्र करायला स्वयंपाकघरातलं मीठ घातलं की झालं? अजिबात नाही. प्रवाळाचा जीव उरलेल्या १५ टक्क्यांत अडकलेला असतो: मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि बरंच काही.

क्षारांचं आपसातलं हे प्रमाण खुल्या समुद्रात कुठेही जवळपास तेच! ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. विल्यम डिटमार यांनी त्यातले ७७ नमुने तपासले आणि १८८४ मध्ये ही गोष्ट आकड्यांनिशी मांडली. आज पुडीतलं सागरी मीठ मिसळून घरात समुद्र करता येतो, तो या सारखेपणामुळेच. त्याही आधी, १८५४ मध्ये, इंग्लंडच्या फिलिप गॉस यांनी साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चारच क्षारांतून समुद्राचं पाणी बनवलं होतं.

पाणी तयार झालं, तरी मासे लगेच सोडायचे नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडांवर वसू द्यायचे. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. इथे घाई केली की मासे दगावतात. नायट्राइटचं मात्र नवल आहे. गोड्या पाण्यात ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं आणि माशाचा जीव घेतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड तीच वाट अडवून बसतं, त्यामुळे त्याचा धोका खूपच कमी.

वाळूवर तपकिरी साय धरली? घाबरू नका. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत बहुतेकदा येतात आणि आपसूक ओसरतात.

आता खरी कसरत. प्रवाळ सांगाडा बांधतो कॅल्शियम आणि कार्बोनेटचा, म्हणून पाण्यातून दोन्ही एकदम घटतात. समुद्रात लिटरमागे कॅल्शियम सुमारे ४२० मिलिग्रॅम, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट-कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) ७ डीकेएचच्या आसपास. दोन्ही भसकन वाढवली तर हीटरवर आणि पंपावर पांढरी पुटं चढतात, म्हणजे सांगाड्याचा माल यंत्रावर वाया. हे स्फटिक धरू न देणारा पहारेकरी म्हणजे मॅग्नेशियम, लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम. ते घसरलं की बाकीचे आकडे कितीही सावरा, टिकत नाहीत.

यावरचा एक जुना उपाय आपल्या ओळखीचा आहे: चुन्याची निवळी! शुद्ध चुना पाण्यात कालवून झाकून ठेवायचा, साका खाली बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी थेंबथेंब सोडायची. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हातात हात घालून वाढतात. मात्र निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून धार लावायची नाही. वेळ रात्रीची बरी, कारण अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो. दारं-खिडक्या बंद ठेवलेल्या एसीच्या खोलीत तो दिवसाही उतरलेला दिसतो. तिथे कुठलंही रसायन ओतण्याआधी खिडकी उघडून पाहा.

वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरच्या टाकीतलं पाच लिटर पाणी उडालं की क्षारता ३५ वरून जवळजवळ ३७ वर जाते. ती भर आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, गोड्या पाण्यानेच घालायची, खाऱ्या नव्हे. माझं मत विचाराल, तर रोजची ही भर रसायनांच्या महागड्या बाटल्यांपेक्षा जास्त कामाची. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी प्रवाळ निभावून नेतो. रोजचे हेलकावे त्याला सोसत नाहीत.

एक विनंती. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातला असो वा अंदमानचा, कुणी तुकडा देऊ केला तर घेऊ नका. क्लाउनफिश हवे असतील, तर हॅचरीत पैदास झालेलेच मागा.