रुळांमधली फट

लहानपणी प्रवासात वडिलांनी एक खेळ शिकवला होता. गाडीनं वेग धरला की घड्याळाकडे बघत 47 सेकंदांत चाकांचं ‘खटक-खटक’ किती वेळा होतं ते मोजायचं. 60 वेळा झालं तर गाडी ताशी 60 किलोमीटरनं चाललीय. मला ती जादू वाटायची. पुढे कळलं, हे साधं त्रैराशिक आहे. रूळ 13 मीटरचा, दर जोडाला एक खटका, आणि हिशेब 46.8 सेकंदांवर येतो. परवा पुण्याहून सोलापूरला जाताना हाच खेळ मुलाला शिकवायला गेलो, तर मोजायला खटकेच नव्हते.

खटका ज्या जोडातून यायचा, त्या जोडाला पकडून ठेवते फिशप्लेट. आपल्याला हा शब्द बातम्यांतून माहीत असतो: ‘फिशप्लेट काढून घातपाताचा प्रयत्न’. बेचाळीसच्या चळवळीच्या आठवणींतही तो सापडतो. वस्तू जवळून पाहिलेले मात्र थोडेच. हातभराहून जरा लांब, जाड पोलादी पट्टी. रुळाच्या आतून एक, बाहेरून एक आणि दोन्हींमधून आरपार चार बोल्ट. मराठीत या जोडाला सांधा म्हणावं तर पंचाईत, कारण आपला सांधा गाडीची वाट बदलतो आणि सांधेवाला म्हणजे पॉइंट्समन. त्यामुळे लाइनीवरची माणसं याला नुसतं ‘जॉइंट’ म्हणतात.

नावात मासा आहे, पण त्याचा माशाशी संबंध नाही. शिडाच्या जहाजाची डोलकाठी मोडली की दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या बांधत. त्या पट्टीला इंग्रज खलाशी ‘फिश’ म्हणत. हाडवैद्य मोडल्या हाताला कामट्या बांधतो, तसंच. विल्यम ब्रिजेस ॲडम्स या इंग्रजानं ही युक्ती रुळांना लावून 1847 साली पेटंट घेतलं. त्याआधी दोन रुळांची टोकं एकाच बिडाच्या खुर्चीत टेकवून लाकडी पाचरीनं आवळत. चाकांच्या माऱ्यानं पाचर ढिली व्हायची आणि टोकं एकमेकांना न जुमानता खालीवर नाचायची. ॲडम्स राजकीय लेखनही करायचा. त्याची बायको सेरा कवयित्री होती. ‘निअरर, माय गॉड, टू दी’ हे ख्रिस्ती प्रार्थनागीत तिचं. घरात भक्ती आणि लोखंड अशी वाटणी झालेली असावी.

या पट्टीची खरी हुशारी ती कुठे टेकते यात आहे. रुळाला वर डोकं, मध्ये पातळ पोट आणि खाली रुंद पाया असतो. फिशप्लेट पोटाला टेकतच नाही. तिच्या वरच्या-खालच्या तिरक्या कडा डोक्याच्या खालच्या आणि पायाच्या वरच्या उताराला भिडतात. बोल्ट आवळला की पट्टी पाचरीसारखी आत खेचली जाते. कडा झिजल्या तरी पोटाशी जागा शिल्लक असते, म्हणून आणखी आवळता येतं.

पण फार आवळूनही चालत नाही. तापमान 40 अंशांनी वाढलं की 13 मीटरचा रूळ 6 मिलिमीटरनं लांबतो. त्याला सरकायला फट हवी, बोल्टापेक्षा भोक थोडं मोठं हवं आणि पट्टीच्या आत ग्रीस हवं. म्हणून थंडीच्या महिन्यांत पट्ट्या खोलतात, तारेच्या ब्रशनं गंज काढतात आणि भोकाच्या कडेपासून तिरका तडा निघालाय का ते बघतात. मग ग्रीस लावून पुन्हा जोडतात. आधी मधले दोन बोल्ट, नंतर कडेचे. पान्याच्या दांड्याची लांबीसुद्धा ठरलेली असते. दांडा लांब झाला तर तगडा गडी जोड जाम करून टाकेल! घट्ट धरायचं आणि तरी सरकू द्यायचं, अशी ही विचित्र मागणी.

कितीही जपलं तरी जोड रुळापेक्षा कमजोरच. चाक फटीवर आदळतं, रुळांची टोकं चेपतात, खालच्या खडीचं पीठ होतं. जोडापाशी स्लीपर जवळजवळ टाकतात ते त्यासाठीच. फ्रान्समध्ये ब्रेतिन्यीला जुलै 2013 मध्ये सांध्यावरची अशीच एक पट्टी सुटली. तिच्या चारपैकी तीन बोल्टांनी दगा दिला होता. चौथ्याभोवती फिरून पट्टी सांध्यात अडकली आणि गाडी घसरली. सात माणसं गेली.

जोडच नको, हा विचार मात्र फार आधीच झाला होता. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञानं 1895 साली ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोहाचं ऑक्साइड पेटवून वितळलेलं लोखंड मिळवण्याची रीत बसवली. 1899 मध्ये एसेनला ट्रामचे रूळ तिनं जोडले गेले. आपल्याकडे आजही लाइनीवर हेच चालतं. दोन टोकांत 25 मिलिमीटर अंतर, भोवती वाळूचा साचा, वर मुशीत मिश्रण. पेटवलं की काही सेकंदांत डोळे दिपवणारा भडका उठतो आणि पांढरंशुभ्र पोलाद साच्यात उतरतं. साचा फोडून जास्तीचा भाग लाल असतानाच छाटतात, मग घासून सपाट करतात. डब्यातला खटका गेला तो इथे.

उष्णता मात्र गेली नाही. सलग रुळाला लांबायला जागाच नाही, म्हणून तो ताण पोटात ठेवतो. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे 1.9 टन जोर साठतो. ज्या तापमानाला रूळ बसवला त्याच्या 30 अंश वर गेलं की 57 टन. स्लीपर आणि खडी हा जोर दाबून धरतात. सलग पट्ट्याच्या दोन्ही टोकांना सरकता जोड असतो आणि तिथला थोडाच भाग खराखुरा हलतो. मे महिन्यात भीती रूळ वाकण्याची. डिसेंबरच्या पहाटे उलट: आकसू पाहणारा रूळ स्वतःलाच ओढतो आणि कच्चं वेल्डिंग उकलतं.

ते शोधतो कीमन, म्हणजे चावीवाला. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. तडा दिसला की आधी लाल झेंडी आणि 1200 मीटरवर रुळावर तीन फटाके, दहा-दहा मीटरांवर. मग निघते वेगळ्या घाटाची फिशप्लेट, मध्ये फुगवटा असलेली, वेल्डिंगचा उंचवटा पोटात घेणारी. शिकंजे आवळून ती बसवली की गाडी हळूहळू पुढे सोडतात. आतल्या प्रवाशांना तेवढ्यापुरता एक खटका ऐकू येतो.