लसणातील अ‍ॅलिसिन आणि जठराचा कर्करोग
लसणाच्या अखंड पाकळीत अ‍ॅलिसिन नसतेच. पाकळी ठेचल्यावर पेशी फुटून अ‍ॅलिइन हे गंधकयुक्त संयुग अ‍ॅलिनेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या, संपर्कात येते आणि अ‍ॅलिसिन तयार होते. उष्णतेने हे विकर निकामी होत असल्यामुळे ठेचलेला लसूण फोडणीत टाकण्यापूर्वी १० मिनिटे ठेवणे सयुक्तिक ठरते. लसणाने जठराचा कर्करोग टळतो का, याविषयीचा माणसांतील पुरावा मात्र जपूनच वाचावा लागतो: जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या चीनमधील लिन्चू परगण्यात १९९५ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत सुमारे ७ वर्षे लसणाचा अर्क व तेल देऊनही आरंभी लाभ दिसला नाही, परंतु २२ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगाचे मृत्यू घटलेले आढळले, नव्याने रोग जडण्याचे प्रमाण लसणामुळे घटल्याचे तेव्हाही ठामपणे सिद्ध झाले नाही.