यंत्राच्या पाठाचे टाचण

शिक्षकाच्या पेशाशी ज्याचा थोडासाही संबंध आला आहे, त्याला 'टाचण' हा शब्द परका नाही. उद्या कोणता घटक शिकवावयाचा, विद्यार्थ्यांना आधीचे काय येते, प्रश्न कोणते विचारावयाचे, फळ्यावर काय लिहावयाचे आणि तास संपताना मुलाला नेमके काय करता आले पाहिजे, हे सारे आदल्या दिवशी कागदावर उतरविणे म्हणजे टाचण काढणे. जर्मन तत्त्वज्ञ हर्बर्ट यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसविल्या, आणि आपल्या अध्यापक विद्यालयांतून ती 'पंचपदी' पिढ्यान् पिढ्या गिरविली गेली. आज शिकविण्याचे पुष्कळसे काम संगणकाकडे आणि खिशातल्या मोबाईलकडे आले आहे. तेव्हा प्रश्न असा की, या यंत्राच्या पाठाचे टाचण कोण काढतो आणि कशाच्या आधारे काढतो? या प्रश्नाचा विचार करणाऱ्या शास्त्राला आम्ही येथे अध्यापन-रचनेचे शास्त्र म्हणू.

हा विषय केवळ शिक्षणतज्ज्ञांचा आहे असे कोणी समजू नये. मराठवाड्यात शिक्षणाची वाट मुळातच उशिरा रुंद झाली. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू केले. विद्यापीठ आले ते १९५८ साली. ज्या घरांत शिकणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, त्या घरांतील आईबाप आज पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या हाती मोबाईल देतात. त्या यंत्रातला पाठ नीट रचलेला नसेल, तर पैसा जातो तो जातोच. पण मूल 'मला हे जमत नाही' असा स्वतःविषयी ग्रह करून घेते. हे नुकसान पैशात मोजता येत नाही.

या शास्त्राचा उगम पाहू. अमेरिकेतील सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकात प्रश्न विचारून उत्तर तपासणारे एक लहानसे यंत्र बनविले होते. पण त्याला सिद्धांताची बैठक दिली ती बी. एफ. स्किनर यांनी. १९५३ साली ते आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहावयास गेले. त्यांच्या लक्षात आले की, मुलाने उदाहरण सोडविले तरी ते बरोबर की चूक हे त्याला फार उशिरा कळते. शिवाय हुशार आणि मंद दोघांनाही एकाच चालीने चालावे लागते. यावर त्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे क्रमान्वित अध्ययन. विषयाचे लहान लहान टप्पे पाडावयाचे, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याने स्वतः उत्तर द्यावयाचे, ते बरोबर आहे की नाही हे त्याला लगेच सांगावयाचे आणि ज्याने त्याने आपापल्या गतीने पुढे जावयाचे. शिक्षणशास्त्रात ज्याला वर्तनवाद म्हणतात त्याचे हे फळ होय.

स्किनर यांची वाट एकसरळ होती. नॉर्मन क्राउडर यांनी तिला फाटे फोडले. त्यांचे म्हणणे असे की, चुकीच्या उत्तरातूनच विद्यार्थ्याचे मन दिसते. एक उदाहरण घेऊ. अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी मिळून किती? एक मुलगा दोन पंचमांश म्हणतो. त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळविला. दुसरी मुलगी दोन षष्ठांश म्हणते. तिने समान छेद बरोबर काढला, पण अंश बदलावयास ती विसरली. दोघेही चुकले, मात्र दोघांच्या चुका वेगळ्या आहेत. दोघांनाही नुसते 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' असे सांगणारे यंत्र काहीच शिकवीत नाही. नीट रचलेला पाठ पहिल्याला विचारील, "बाळा, दोन पंचमांश हे अर्ध्याहूनही कमी आहेत. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर भाकरी कमी कशी झाली?" आणि दुसरीला तो फक्त अंशापाशी परत नेईल. संगणकाचे खरे सामर्थ्य येथे आहे. पण मुले कोठे व कशी चुकतात हे ज्या शिक्षकाने वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याच्यावाचून हे फाटे यंत्रात येणार कोठून?

यानंतरच्या पिढीने मनाच्या व्यापाराकडे लक्ष वळविले. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली दाखविले की, माणूस एका वेळी मनात सुमारे सातच गोष्टी धरून ठेवू शकतो. रॉबर्ट गॅन्ये यांनी अध्यापनाच्या नऊ घटना सांगितल्या: लक्ष वेधणे, उद्दिष्ट सांगणे, पूर्वज्ञान जागे करणे, आशय मांडणे, मार्गदर्शन करणे, विद्यार्थ्याकडून कृती करवून घेणे, प्रत्याभरण देणे, पारख करणे आणि शिकलेले टिकून इतरत्र वापरता येईल असे करणे. ज्यांनी पंचपदी गिरविली आहे त्यांना या यादीत जुनी ओळखीची माणसे भेटतील. पुढे जॉन स्वेलर यांनी १९८८ साली मनावरील भाराची उपपत्ती मांडली, आणि रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले की, चित्राबरोबर बोललेले शब्द समजण्यास सोपे जातात. तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहिले तर शिकणाऱ्याची बहुधा ओढाताण होते. भाषा परकी असेल तर मात्र ही लिखित अक्षरे आधार देतात. नाचणारी चित्रे, पार्श्वसंगीत आणि टाळ्यांचे आवाज यांनी पाठ रंगतदार होतो. पण भार वाढतो आणि शिकणे मागे राहते.

सिद्धांत म्हणजे 'असे का होते' याचे उत्तर. प्रतिमान म्हणजे 'काम कोणत्या क्रमाने करावे' याचे उत्तर. सर्वांत प्रसिद्ध प्रतिमानाचा पाया १९७५ साली फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामात आहे. त्याच्या पायऱ्याही पाचच: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, कार्यवाही आणि मूल्यमापन. यातील पहिली आणि शेवटची पायरी वगळून मधल्या निर्मितीवरच सारा खर्च करणे, हा आपल्याकडचा नेहमीचा दोष आहे.

याला चांगला अपवाद मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये पाहावयास मिळतो. तेथील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली उभ्या राहिलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात संगणक-प्रणाली शिकविणारे सुमारे दहा दहा मिनिटांचे पाठ आहेत. आधी संहिता लिहितात, आणि ध्वनिमुद्रणापूर्वी विषय मुळीच न येणाऱ्या नवशिक्याकडून ती तपासून घेतात. तो जेथे अडखळेल तेथे दोष त्याचा नव्हे, संहितेचा मानतात. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालतो आणि दुसऱ्या बाजूस शिकणारा तीच कृती स्वतः करतो. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केलेले आहे. खेड्यातून आलेल्या आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलाचा विचार येथे आराखड्यातच झालेला आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हा स्वयं-अध्ययनाची पुस्तके सिद्ध करतानाही समोर शिक्षक नाही, हे धरूनच लिहावे लागले. माध्यम कागदाचे असो वा पडद्याचे, ही शिस्त एकच.

तिसरा विचारप्रवाह ज्ञानरचनावादाचा. सीमोर पॅपर्ट यांचे म्हणणे असे की, संगणकाने मुलाला चालविण्यापेक्षा मुलाने संगणकाला चालवावे. १९६७ साली ते व त्यांचे सहकारी यांनी घडविलेल्या 'लोगो' भाषेत मूल एका कासवाला आज्ञा देऊन चौकोन काढावयास लावते, आणि तसे करताना कोन म्हणजे काय हे त्याचे त्यालाच उमगते. मग या तिघांत खरा कोण? आमच्या मते हा वाद निरर्थक आहे. पाढे पक्के करावयाचे असतील तर स्किनर उपयोगी पडतील, पंपाची रचना समजावयाची असेल तर मेयर, आणि गावच्या विहिरींच्या पाण्याचा हिशेब मांडावयाचा असेल तर पॅपर्ट. उद्दिष्ट आधी, पद्धत नंतर.

रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली असे मत मांडले की, माध्यम स्वतः काही शिकवीत नाही. फरक पडतो तो रचनेने. रॉबर्ट कोझ्मा यांना हे पूर्णपणे मान्य झाले नाही. माध्यमाच्या अंगी असलेल्या खास शक्ती रचनेला नव्या वाटा देतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. या वादाला कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांनी ताजे रूप दिले आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला; त्याचा वृत्तान्त २०२४ साली बाहेर आला. ज्यांना उत्तरे सरळ देणारे यंत्र मिळाले त्यांची सरावातील उदाहरणे बरीच अधिक सुटली. परंतु यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले यंत्राशिवाय शिकलेल्या मुलांच्या मागे पडली. ज्यांच्या यंत्राला शिक्षकांनी सूचना देऊन, उत्तर न देता फक्त धागा दाखवावयास शिकविले होते, त्यांचे असे नुकसान बहुतांशी टळले. यंत्र तेच, टाचण मात्र निराळे.

तेव्हा पालकांनी आणि शाळांच्या चालकांनी कोणताही पाठ विकत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा पाठ संपल्यावर माझ्या मुलाला यंत्रावाचून नेमके काय करता येईल? ते चुकले तर यंत्र नुसते चूक म्हणते, की चुकीचे कारण शोधते? पाठात मूल पाहत बसते, की काही करते? आणि आमच्यासारख्या घरातील, आमची भाषा बोलणाऱ्या मुलांपुढे हा पाठ ठेवून तो तपासला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्यापाशी नसतील, तर पडदा कितीही झगमगीत असला तरी पैसे खिशातच ठेवावेत. ज्यांपाशी ती उत्तरे असू शकतात अशी माणसे आपल्या शहरात पुष्कळ आहेत: पाटीवरची चूक पाहून मुलाचे मन ओळखणारे शिक्षक. त्यांना यंत्रापुढे केवळ हजेरी घेण्यासाठी उभे न करता यंत्राच्या पाठाचे टाचण काढावयास बसविले, तर मराठवाड्यातील मुलाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या गतीने शिकविणारा पाठ येथेच तयार होईल.