जाळं ओढणारे हात कॅमेऱ्यासमोर



बंदीचे दिवस आहेत. होड्या वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. अशा वेळी जेटीवर गप्पा रंगतात. परवा आपल्याच एका सभासदाचा मुलगा मला म्हणाला, "काका, इफ्फीला पणजीत एवढे फिल्मवाले येतात. मी एकदा ऑडिशन देऊन बघू का?" बापाने तिथल्या तिथे सुनावलं, "आधी ते जाळं शिव!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटलं, त्या पोराच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. म्हणून हे लिहितोय.

युरोपात माल्टा नावाचा छोटासा बेटांचा देश आहे. लोकवस्ती साधारण साडेपाच लाख. तिथे लाकडी, रंगीत होड्या असतात, त्यांना 'लुत्सू' म्हणतात. होडीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना डोळे काढलेले असतात. हे डोळे दर्यात राखण करतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आपण नारळी पौर्णिमेला होडी पुजतो, त्यातलाच भाव.

या होडीच्या नावानेच २०२१ साली 'लुत्सू' हा सिनेमा आला. दिग्दर्शक ॲलेक्स कॅमिलेरी. मुख्य भूमिकेसाठी त्याने नट घेतला नाही, जेस्मार्क शिक्लुना नावाचा खराखुरा मच्छीमार घेतला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याच जेस्मार्कला अभिनयासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पुढे माल्टाने हा सिनेमा ऑस्करसाठीही पाठवला.

गोष्ट ऐकाल तर म्हणाल, ही आपल्याच वाड्यावरची. वाडवडिलांची होडी, तिला गळती लागलेली. घरी तान्हं मूल, त्याच्या वाढीची तक्रार, डॉक्टरचा खर्च. मोठ्या ट्रॉलरांपुढे लहान होडीवाल्याच्या हाती काही लागत नाही. लिलावात भाव मिळत नाही. आणि सरकारी योजना म्हणते, परवाना परत करा, होडी मोडीत काढा आणि पैसे घ्या. आता त्याने काय करायचं? शेवट सांगत नाही, मिळाला तर बघा.

आता मुद्दा असा. हा 'स्वतंत्र' सिनेमा, म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा नाही, मोठे स्टार नाहीत, सेट नाही. खऱ्या जागी, थोड्या पैशांत केलेलं काम. अशा सिनेमाला खरी माणसं लागतात. जाळं कसं धरायचं, दोर कुठे आवळायचा, हलत्या होडीत पाय कसे रोवायचे, हे नटाला महिनाभरात शिकवून येत नाही. कॅमेरा जवळ आला की हात खरं बोलतात. जेस्मार्कचं आधीचं काम वाया गेलं नाही. तेच त्याचं भांडवल झालं.

पण "मी जसा आहे तसा उभा राहिलो की झालं" असंही समजू नका. सिनेमातल्या माणसाचं नावही जेस्मार्कच आहे, पण ती गोष्ट लिहिलेली आहे. लिहिलेलं दुःख आपलं करून दाखवायचं, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करायचा, उजेडासाठी तासन्‌तास थांबायचं, याला मेहनत लागते. पुरस्कार मिळाला तो त्याला.

आपल्या मराठीतलं मोठं उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचं. ते कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात डॉक्टरकी केली, आफ्रिकेत टांझानियातही केली. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, पूर्णवेळ नट झाले. १९७० मध्ये 'नटसम्राट' आलं, मग 'पिंजरा', 'सामना'. लोकांना वाटतं त्यांनी एका रात्रीत दवाखाना सोडला. तसं नाही. मेडिकल कॉलेजात असल्यापासून ते नाटक करत होते. एक धंदा चालू ठेवून दुसऱ्याची वर्षानुवर्षं तयारी केली, मग उडी घेतली.

म्हणून त्या पोराला आणि त्याच्या बापाला, दोघांनाही सांगतो. ऑडिशन दे, पोरा. जत्रेतल्या नाटकात काम कर, सवय होईल. पण होडी विकून किंवा परवाना सोडून जाऊ नको. परवाना एकदा गेला की परत मिळवणं सोपं नसतं. लहान सिनेमाचा पैसा थोडा, आणि पुढचं काम कधी येईल याचा नेम नाही.

बोटमालकांसाठीही थोडं. दोन वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाची होडी तीन दिवस शूटिंगला नेली. बोलणी तोंडी झाली. अर्धे पैसे हातात मिळाले, उरलेले आजतागायत नाहीत. फोनही उचलत नाहीत. वर एक फळी मोडली ती त्यानेच बदलली. म्हणून:

• बोलणं कागदावर घ्या, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत.
• होडीचं भाडं वेगळं, माणसांची हजेरी वेगळी. डिझेल कुणाचं ते आधी ठरवा.
• होडी, इंजिन, जाळ्याचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार ते लिहून घ्या.
• मासेमारीच्या होडीवर बाहेरची माणसं न्यायची तर परवानगी आणि विमा चालतो का, हे मत्स्य खात्यात आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात विचारा. लाइफ जॅकेट सगळ्यांना हवंच.
• निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटच्या दिवशी होडी किनाऱ्याला लागल्याबरोबर.

कागद समजत नसेल तर सही करण्याआधी सोसायटीत घेऊन या, बसून वाचू. त्याचे पैसे लागत नाहीत.

आणि त्या पोराच्या बापाला एक सांगणं. जाळं शिवायला लावलंत ते बरोबरच. ते त्याला नीट येऊ दे. उद्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तरी तेच कामाला येणार आहे, नाही राहिला तर १ ऑगस्टला दर्यात लागणारच आहे.

आपला,
सचिव